गळदाब्या

गिटारवाल्या बाईंच्या नवऱ्याला सगळे भोंगा म्हणायचे. आवाजच तसा होता. खाली जिन्यातून त्याने "अगं, चहा टाक" म्हटलं की वरच्या मजल्यावरच्या बायकाही दचकून चहा टाकायच्या. दिवसभर तो रंगाच्या दुकानात डबे विकायचा, बाई घरी पोरांना गिटार शिकवायच्या, आणि संध्याकाळी दोघं मिळून कुणाच्या निरोप समारंभाला, कुणाच्या वाढदिवसाला गाणी म्हणायला जायची. दोघांत मिळून अॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, एकच. एका बाजूला तिच्या गिटारची वायर, दुसऱ्या बाजूला त्याच्या माईकची. भोंगा म्हणायचा, बाईसाहेब, आपला संसार एकाच खोक्यात आहे, जपून उचला.

अशा खोक्याची एक खोड असते. तो गाणाऱ्याच्या पाठीमागे ठेवला की त्यातून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, माईक तो परत अॅम्पला देतो, आणि हे गोल गोल फिरून शेवटी अशी शिट्टी निघते की लोक कानात बोटं घालतात. यावरचा उपाय कुणालाही ठाऊक असतो. अॅम्प जरा पुढे, बाजूला ठेवायचा, माईकची पाठ त्याच्याकडे करायची. भोंग्यालाही ठाऊक होता. पण ऐकेल तर शपथ.

"तुझी गिटार माझ्या पाठीवर लागली नाही तर मला गाता येत नाही," तो म्हणायचा.

मग अॅम्प राहिला पाठीमागेच. शिट्टी एकाच सुरावर यायची, आणि अॅम्पच्या माईकच्या बाजूला तेवढ्याचसाठी एक बटण होतं. ते फिरवून जिथे आणाल तो एकच सूर ते दाबून टाकतं, बाकीच्यांना हात लावत नाही. त्याचं नाव भोंग्याने गळदाब्या ठेवलं. शिट्टी थांबेपर्यंत तो ते फिरवत बसला आणि थांबली तिथे बाईंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. "एक सूर गेला तर गेला," तो म्हणाला, "माझ्याकडे आवाज काय थोडा आहे?" ते खरंच होतं. अॅम्पमधून तो सूर पडला तरी त्याचा उघडा आवाज हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचा. ती खाच कधी कुणाला कळली नाही.

मग एका सकाळी अर्धी दाढी झालेली असताना भोंगा गेला. ब्रश ओला होता.

लोक गेलेल्या माणसाचा फोटो लावतात. बाईंनी माईक लावला. जेवणखाण आटोपलं की दुपारी त्या अॅम्प सुरू करायच्या, माईकची बाजू उघडायच्या आणि समोर गिटार घेऊन बसायच्या. माईकसमोर कुणी नसायचं. पण उघडा माईक गप्प बसत नाही. तो पंख्याची घरघर घेतो, खुर्चीची करकर घेतो, जिन्यातली पावलं घेतो, आणि सगळं किंचित जाडं करून परत देतो. घरात बाई एकट्या, आणि घर दोनदा वाजायचं. कधी कधी गिटारचा सूर विरताना अॅम्पमधून श्वास घेतल्यासारखं यायचं, अगदी भोंगा पहिली ओळ उचलण्याआधी घ्यायचा तसं. बाई हात तारांवर ठेवून थांबायच्या. ओळ यायची नाही. तरी त्या थांबायच्या.

शेजारी एक शिंपीणबाई राहायची, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "अहो, मी माझ्या घरात खोकते आणि खोकला तुमच्या घरातून ऐकू येतो. कुणाला बोलावता काय?" बाई हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकी लावून अॅम्प सुरू केला. गळदाब्याला त्यांनी बोट लावलं नव्हतं. धूळ पुसायची तर तेवढी जागा सोडून पुसायच्या. भोंग्याचा आवाज कुठेच भरून ठेवलेला नव्हता. होती ती त्या आवाजापुरती पाडलेली जागा, लाल ठिपक्यासमोर, त्याच्या हाताने ठेवलेली.

लेक हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. लहानपणी गायची, मग बाबांच्या आवाजापुढे आपलं काय, म्हणून गप्प झाली. तिचा आवाज आईवर गेलेला, बारीक, माईकशिवाय दुसऱ्या रांगेलाही पोचणार नाही असा. पण तिच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टर निवृत्त होणार होत्या, आणि कुठून बळ आलं कोण जाणे, एक दिवस ती म्हणाली, "आई, मी गाईन. तू वाजव."

बाईंना आनंद झाला. खोटं कशाला सांगा, जरा धास्तीही वाटली. त्या माईकसमोर अजून कुणी उभं राहिलं नव्हतं.

लेक उभी राहिली. पहिल्या दोन ओळी छान गेल्या. तिसऱ्या ओळीत सूर चढला आणि मध्येच तिचा आवाज विहिरीत पडल्यासारखा झाला. खाली उतरली की पुन्हा नीट. परत गायली, परत तिथेच पडली.

"आई, इथे आलं की माझा आवाज जातो कुठे?"

बाईंना पहिल्याच वेळी कळलं होतं. हात लांब करून बटण फिरवायचं, एवढंच काम. त्या म्हणाल्या, "सराव कर. येईल."

लेक आठवडाभर सराव करत राहिली. रोज त्याच ओळीत पडायची, रोज थोडी हळू गायची. एकदा स्वयंपाकघरातून तिने विचारलं, "माझ्यात नाहीच का गं गाणं?" बाई तेव्हा तांदूळ निवडत होत्या. निवडलेले तांदूळ त्या पुन्हा निवडत राहिल्या. पोटच्या पोरीचा गळा दाबून आपण मेलेल्या माणसाची जागा राखतोय, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. दिसूनही त्या उठल्या नाहीत.

कार्यक्रम दुपारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये होता. टेबलं भिंतीला सरकवलेली, सिस्टर पहिल्या रांगेत रुमाल घेऊन तयार. बाईंनी सवयीने अॅम्प पाठीमागे ठेवला, माईक पुढे. भोंगा उभा राहायचा तिथे लेक उभी राहिली. तिसरी ओळ आली आणि लेक तिथे पोचायच्या आधीच थांबली. आवाज पडण्याची वाटही तिने पाहिली नाही. बाईंकडे वळून हळूच म्हणाली, "राहू दे आई. नाही जमत मला." माईक उघडा होता. ते सगळ्या कँटीनने ऐकलं.

बाई गिटार घेऊनच खाली वाकल्या. ठिपक्याकडे पाहिलं. बटण पार तळाशी फिरवलं.

शिट्टी आली. तीच. त्याच सुरावर. लोकांनी कान झाकले, कुणाचा तरी कप पडला. इतक्या दिवसांत माईक दुपारभर उघडा ठेवूनही जे आलं नव्हतं, ते आता समोर कोकलत होतं, भोंगा पहिल्यांदा त्या सुरावर चढला होता तसंच. "आई, बंद कर ना!" लेक ओरडली. बाईंना ऐकू आलं होतं. तरी त्या एक श्वासभर थांबल्या. तेवढं त्याला द्यायलाच हवं होतं.

मग त्यांनी अॅम्प दोन्ही हातांनी उचलला, पुढे नेऊन बाजूला ठेवला, माईकची पाठ त्याच्याकडे केली. शिट्टी तुटली. लेकीच्या पाठीमागे आता नुसती भिंत होती.

"तुझा आवाज ठीक होता गं," बाई म्हणाल्या. "मीच तो दाबून ठेवला होता. म्हण आता."

लेक माईककडे वळली. मग तिने श्वास घेतला. अॅम्पमधून तो श्वास आला, आणि बाईंचा हात सवयीने तारांवर थांबला.

या वेळी ओळ आली.