उजवा पाय पुढे

माझ्या उजव्या गुडघ्याला तोवर कधीही काहीही झालेले नव्हते. म्हणूनच त्यात सुई टोचली गेली.

दुखत होता डावा. त्यातली कूर्चा झिजली होती आणि तो वाकवताना जात्यात कोरडी वाळू भरडावी तसा आवाज येई. एकोणीसशे सत्तरचे दशक सरत आले होते, थोरल्या लेकीचे लग्न आठ दिवसांवर होते. मला मांडी घालता आली नाही, तर कन्यादानाच्या पाटावर माझे दीर आणि जाऊबाई बसणार होते. जाऊबाईने दाजीबानपेठेतल्या आमच्याच दुकानातून डाळिंबी इरकल काढूनही ठेवली होती! (लिहितानाही कान तापतात.)

गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला डॉक्टरांकडे सारे घर सोबत आले. स्पिरिटचा गार, झोंबरा वास. उकळत्या पाण्यात किणकिणणाऱ्या सुया.

"वैनी, घाबरू नका. नाहीच वाकला तर मी आहे की!" जाऊबाई म्हणाली.

"तू आहेस, हेच माझं दुखणं!"

"दवाखान्यात तरी भांडू नका गं," सासूबाई कळवळल्या.

"काल चाचरी, अक्का," डॉक्टर कानडीत म्हणाले. म्हणजे, पाय पुढे करा! बावीस वर्षे प्रत्येक उंबरठा उजव्या पावलाने ओलांडणारी मी. सासूबाईंसमोर, मंगलकार्याच्या तोंडावर, डावा पाय पुढे करीन? जाऊबाईवरची नजर न हलवता मी उजवा पसरला.

"दुखतंय का?"

"दुखणारच! सख्खी जाऊ पाटावर टपलीय!"

सुई गेली. उठण्यासाठी मी डावा टेकला आणि किंचाळले.

"अय्यय्यो!" डॉक्टरांनी कागद पाहिला. "अक्का, इथं डावा लिहिलाय! बसा, त्यातही देतो."

"खबरदार! एक धड होता, तोही नासवलात!"

"अगं, पाय तूच पुढे—" यजमान पुटपुटले.

"मी?" असे गरजून मी लंगडत बाहेर पडले. पुन्हा गेले नाही. (माझ्या संतापाने आजवर फक्त माझेच नुकसान केले आहे.)

लग्नात मी हट्टाने पाटावर बसलेच, डावा पाय भाल्यासारखा समोर रोखून. जावयाचे पाय धुवायची वेळ आली. धुपाच्या धुराने यजमानांचे डोळे पाझरत होते. त्यांनी चाचपडत जवळचे पाऊल ओढले, भक्तिभावाने धुतले, गंध लावले. माझे!

मांडव खदखदला. जाऊबाई सर्वांत मोठ्याने.

मी रागाने पाय खस्सकन आखडला. कट्! गुडघा वाकला, मांडी बसली, कन्यादान पार पडले. मात्र ती मांडी नंतर सुटेना. लेकीच्या पाठवणीला मला पाटासकट उचलून दारापर्यंत नेले. एक बाजू जाऊबाईने पेलली होती, आणि मी डोळ्यांत पाणी आणून तिच्यावरच ओरडत होते, "नीट धर!"