आगीवरून जोडलेल्या विहिणी

बेटावरच्या इस्पिनेरा गावात गोनारियामावशींइतकी पातळ भाकर कोणाच्या भट्टीत होत नसे आणि त्यांच्या जिभेइतकी धारदार जीभही कोणाची नव्हती, असे सर्वांचे मत होते. मतभेद होता तो फक्त त्यांच्या विहीणबाईंचा. अंतिओकाबाई म्हणत की भाकर मावशींची खरी, पण जिभेच्या बाबतीत गावाने जरा आपल्याकडेही पाहावे.

मावशींची लेक मिकेला ही अंतिओकाबाईंच्या मुलाला, बाकिसिओला, दिलेली होती. त्यांना दोन मुले झाली. थोरली निनेत्ता आणि तिच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी झालेला प्रियामो. निनेत्ता सहा वर्षांची असताना एका हिवाळ्यात ती सारखी पाणी मागू लागली. घरच्यांना वाटले, खारट चीज जास्त खाते. मग एका सकाळी ती उठवूनही उठेना. बाकिसिओने तिला गाडीत घातले आणि घाटाची वळणे कशी पार केली हे त्याला आजही सांगता येत नाही. डॉक्टरांनी तिला वाचवले. तेव्हापासून ती इन्सुलिनवर आहे आणि मजेत आहे. तिच्या दंडावरचे यंत्र साखर उतरली की शिटी वाजवते. रविवारी प्रार्थनेत शिटी वाजली की पाद्रीबाबा प्रवचन आवरते घेतात, म्हणून गावातील अर्धी मंडळी त्या यंत्रावर खूष असतात.

परंतु आजार आला कुठून, हा प्रश्न मागे राहिला. भाकरी भाजण्याचे काम एकटीने होत नाही. एक लाटते, एक भट्टीपुढे बसते, एक फुगलेली भाकर सुरीने उकलून तिचे दोन पापुद्रे करते. अशाच एका दिवशी, साऱ्या बायकांसमोर, अंतिओकाबाई शांतपणे म्हणाल्या की आमच्या घराण्यात कोणाचे रक्त गोड झाल्याचे ऐकिवात नाही, काही गोष्टी हुंड्याबरोबर येतात. मावशींनी भाकर उकलता उकलताच विचारले की, विहीणबाई, तुमची सख्खी बहीण गव्हाचा घास खाल्ला की आडवी होते, ती कोणाच्या हुंड्यातून आली? त्यावर मावशींच्या आईच्या अंगावरचे पांढरे डाग निघाले, मग अंतिओकाबाईंच्या आत्याचा गलगंड निघाला. भाकरी करपल्या. त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींच्या दारात पाऊल ठेवले नाही. बोलणे मात्र थांबले नाही. ते इतरांपाशी होत राहिले.

प्रियामो चार वर्षांचा झाला तेव्हा निनेत्ताच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे रक्त तपासण्याचा सल्ला दिला. या आजारात शरीराचे रखवालदारच स्वादुपिंडाला शत्रू समजून त्याच्यावर उठतात, आणि त्यांनी कुरबुर सुरू केली असेल तर तहान लागण्याच्या कितीतरी आधी ती रक्तात दिसते, असे त्यांनी समजावून सांगितले. आधी कळले तर बेशुद्ध पडण्याची वेळ येत नाही. मावशींना ती सकाळ आठवली. त्यांना तपासणी त्याच आठवड्यात व्हावी असे वाटत होते. मिकेलाने मात्र साफ नकार दिला.

"सुईला मी घाबरत नाही, आई. तुम्हा दोघींना घाबरते. त्यात काहीही निघालं तरी त्याचा निवाडा तुम्ही भट्टीपुढे करणार आणि माझी पोरं ऐकत बसणार. आधी तुमचं मिटवा, मग रक्ताचं बघू."

हे मावशींना फार लागले. जून महिना होता. संत जुआनचा सण जवळ आला होता. त्या सणाच्या आगीवरून दोघांनी एका रुमालाची दोन टोके धरून उड्या मारल्या की ते जन्माचे नातेवाईक होतात. बायकांमध्ये या नात्याला गोमारे म्हणतात. गोमारेच्या घराविषयी तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही. सख्ख्या बहिणी भांडतात, गोमारे भांडत नाहीत.

मावशी विहीणबाईंच्या अंगणात गेल्या. अंतिओकाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"विहीणबाई, गुडघे कसे आहेत तुमचे?"

"तुमच्यापेक्षा बरे. का?"

"संत जुआनच्या आगीवरून उडी मारायची म्हणते. तुमच्याबरोबर."

अंतिओकाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "या वयात? लोक हसतील."

"हसू देत की. आजवर आपल्याला ऐकून रडलेच आहेत."

"म्हणजे मग मला तुमच्याबद्दल काही बोलता येणार नाही."

"मलाही नाही."

"जन्मभर?"

"जन्म उरलाय किती आता? जमेल."

अंतिओकाबाई पुन्हा शेंगा सोलू लागल्या. मग खाली बघतच म्हणाल्या, "परवा प्रियामो आला होता. आल्या आल्या पाणी मागितलं. उन्हातून आला होता, मला कळत होतं. तरी तो किती घोट पितो ते मी मोजत बसले."

त्यांनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली. मावशी बसल्या आणि उरलेल्या शेंगा दोघींनी मिळून सोलल्या.

सणाच्या संध्याकाळी तरुण मुलांनी या दोघींसाठी मुद्दाम आग विझत येईपर्यंत वाट पाहिली. बाकिसिओ पाण्याची बादली घेऊन उभा होता. गाठ मारलेला रुमाल धरून दोघींनी निखारे ओलांडले. शेवटच्या खेपेला अंतिओकाबाईंची एक चप्पल निखाऱ्यांत राहिली. मावशींच्या ओठांवर काहीतरी आलेले सर्वांनी पाहिले. त्यांनी ते गिळले आणि म्हणाल्या, "चप्पल चांगली होती." एवढ्याने गावाची खात्री पटली, आणि मिकेलाने डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाई मुख्य भूमीवरच्या, तोरीनोकडच्या. बेट त्यांना अजून नवे होते. प्रियामोचे रक्त घेऊन झाल्यावर, आणि तो परिचारिकेवर रुसून झाल्यावर, त्यांनी घराण्यातील आजार विचारायला सुरुवात केली. एकमेकींच्या घराविषयी वाईट बोलायचे नाही, हा नियम दोघींना तंतोतंत पाळायचा होता. त्यामुळे प्रत्येकीला बोलायला फक्त आपलेच घर उरले. मावशींनी आईचे पांढरे डाग सांगितले, भावाचा सांधेदुखीचा आजार सांगितला. आपण मागे पडतो असे वाटून अंतिओकाबाईंनी गव्हाची बाधा होणारी बहीण काढली, आत्याचा गलगंड काढला, आणि तोवर कोणालाच ठाऊक नसलेला एक चुलता काढला जो तरुणपणी वाळत वाळत गेला होता. "पाणी फार प्यायचा तो," त्या हळूच म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई वंशावळीसाठी भराभर गोल आणि चौकोन काढत होत्या. हे सारे आजार एकाच गोतातले आहेत, त्यांच्यात शरीर स्वतःवरच उठते, आणि म्हणून यातील प्रत्येक गोष्ट उपयोगाची आहे, असे त्या म्हणाल्या. भट्टीपुढे जे दगड म्हणून फेकले होते, ते इथे मोलाचे ठरले याचे दोघींना मोठे समाधान वाटले. मग डॉक्टरीणबाईंनी विचारले, "मुलांच्या आईवडिलांची घराणी आधीपासून एकमेकांच्या नात्यात आहेत का?"

"आहेत तर," मावशी अभिमानाने म्हणाल्या. "आम्ही दोघी तर बहिणींपेक्षा जवळच्या."

डॉक्टरीणबाईंनी गंभीर चेहऱ्याने मिकेला आणि बाकिसिओ यांच्यामध्ये दुहेरी रेघ ओढली, जी सख्ख्या मावस भावंडांनी लग्न केले तर ओढतात. बाकिसिओ लाल झाला. मिकेलाला हसू आवरेना.

"त्या आगीवरच्या बहिणी आहेत," निनेत्ता शेवटी म्हणाली. "मागच्या महिन्यापासून."

डॉक्टरीणबाईंनी रेघ खोडली, सगळी हकिकत ऐकून घेतली, आणि पुढच्या वर्षी सणाला येण्याचे आमंत्रणही पदरात पाडून घेतले.

काही आठवड्यांनी निकाल आला. सर्वजण पुन्हा त्याच खोलीत बसले. आजाराकडे झुकवणारी जनुके प्रियामोला मिळाली होती, आईकडूनही आणि वडिलांकडूनही. परंतु अशी जनुके असलेल्या बहुतेक मुलांना हा आजार कधीच होत नाही. रक्तात रखवालदारांच्या कुरबुरीची एकच खूण, म्हणजे एकाच प्रकारची अँटिबॉडी, सापडली होती, तीही पुसट. एकटी असली तर ती पुष्कळदा निघूनही जाते. तिला दुसरी येऊन मिळाली तर मात्र सावध व्हायचे. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासायचे, आणि तहान, लघवी, वजन यांवर लक्ष ठेवायचे.

मिकेला दोघींकडे पाहत होती. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

"म्हणजे निम्मं आमच्याकडचं," मावशी म्हणाल्या.

"निम्मं आमचं," अंतिओकाबाई तितक्याच ठामपणे म्हणाल्या. "आणि चुलता धरला तर थोडं जास्तच. प्रियामोला तपासायला मी घेऊन येईन."

"आपण घेऊन येऊ, गोमारे. तुम्हाला बसमध्ये उलटी होते." मावशींनी जीभ चावली. "मलाही होते."

मिकेलाचे हात सैल झाले. तिने पिशवी उचलली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "सहा महिन्यांनंतरची तारीख आताच लिहून द्या. आणि तेव्हा खुर्च्या जरा जास्त मांडा."