मामाने आणलेला दाखला

कॉलेज बदलणं ही काय कटकट असते, ते ज्याने बदललं त्यालाच विचारा. नव्या कॉलेजचा कारकून म्हणतो, जुन्या कॉलेजचा दाखला आणल्याशिवाय प्रवेश पक्का नाही. जुन्या कॉलेजचा म्हणतो, प्रवेश पक्का झाल्याचं पत्र दाखवल्याशिवाय दाखला नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

आमचं गाव तापीकाठचं. इंटर सायन्स मी सुरतेला केलं, कारण नंदुरबारहून रेल्वे सरळ तिकडे जाते आणि आमची माणसंही मूळची त्याच बाजूची. डॉक्टर व्हायचं हे ठरलेलं होतं. आमच्या गावातून डॉक्टरकीला जाणारा मी पहिलाच असणार होतो. मार्कही बरे पडले. पण तेवढ्यात मुंबई राज्याची दोन राज्यं झाली. तिकडचे मेडिकलवाले म्हणाले, तू महाराष्ट्राचा. इकडचे म्हणाले, तू गुजरातच्या विद्यापीठाचा. अरे, मग मी आहे तरी कोणाचा?

शेवटी इकडच्या एका मेडिकल कॉलेजात बाहेरच्या विद्यापीठांसाठी चार-दोन जागा निघाल्या आणि त्या यादीत माझं नाव लागलं. अगदी शेवटचं. मी त्या शहरात जाऊन पैसे भरले. कारकुनाने एक पत्र दिलं आणि चष्म्यावरून बघत सांगितलं, "मूळ दाखला पुढच्या शुक्रवारी पाचच्या आत. नाही आला तर जागा खालच्याला."

खालचा म्हणजे प्रतीक्षा यादीतला पहिला. तो बापाला घेऊन तिथेच बाकावर बसलेला असायचा. रोज. मी आलो की दोघं माझ्या हातांकडे बघायचे.

कारकुनाने मला रोज हजेरी द्यायला सांगितली होती, त्यामुळे मला सुरतेला जाता येईना. मी त्याचं पत्र घरी पाठवलं आणि वर तार केली. वडील पेरणीत अडकलेले. मग मामा उठला. आमच्याकडे भाच्याच्या कामाला मामाने नाही म्हणायचं नसतं, आणि हा तर बोलावण्याचीही वाट बघणारा नव्हता. पत्र घेऊन गाडीत बसला, सुरतेला गेला, दुसऱ्याच दिवशी कॉलेजात साहेबापुढे हात जोडून उभा राहिला आणि दाखला घेऊनच बाहेर पडला. तो सोमवार होता.

सोमवार! हे मला नंतर कळलं आणि अजूनही आठवलं की डोकं भणभणतं. सुरतेच्याच पोस्टात जाऊन रजिस्टर केलं असतं तर बुधवारी, फार तर गुरुवारी तो कागद माझ्या हातात. मी तारेत तसं लिहिलंही होतं. पण मामा पडला मामा. असला कागद टपालाच्या पेटीत टाकायचा? हजार हात लागतील त्याला! त्याने तो धोतराच्या सोग्यात बांधला आणि घरची गाडी धरली.

बरं, घरी तरी सरळ यावं! पण तापीच्या काठाने गावोगाव आमचे सोयरे. सोयऱ्याच्या दारावरून चहा न घेता पुढे जाणं म्हणजे त्याचं नाक कापणं. मामा नंदुरबारला उतरला आणि कोरीटला गेला, तिथे मावशीकडे रात्र काढली. पुढच्या गावी व्याही, तिथे जेवण. मग नदीपलीकडे. नदीला पाणी चढलं म्हणून नाव बंद, तिथे आणखी एक दिवस. गुरुवारी सकाळी स्वारी घरी हजर. हातात पेढ्याचा पुडा! वडिलांनी तारीख बघितली, पेरणी टाकली आणि कागद घेऊन अंगावरच्या कपड्यानिशी निघाले.

शुक्रवारी मी पाचपर्यंत खिडकीशी उभा होतो. पाच वाजले. कारकुनाने, बिचाऱ्याने, पाच मिनिटं वरची दिली. मग बाकावरच्या मुलाला हाक मारली. त्याच्या बापाने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला इतका संताप आला की मी तो हात झटकून टाकला.

वडील शनिवारी सकाळी पोचले. वाटेत एक गाडी चुकली होती.  आम्ही परत निघालो, आणि गाडीत त्यांनी मामाची सोमवारपासूनची गावोगावची फेरी सांगितली.

घरी मामा ओट्यावर बसला होता. माझं तोंड बघून तो उठून उभा राहिला. मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, "सोमवारी हातात आलेला कागद! चार गावं हिंडवलास? पाहुणचार झोडत बसलास? माझ्या जन्माचं वाटोळं केलंस!" आई आतून धावत आली, पण मी थांबलो नाही. होतं नव्हतं ते सगळं बोललो.

मामा ऐकून घेत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "चहाकरता नही रे थांबनू. माले वाचता येस नही ना."

मी म्हटलं, "मग?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दाखला इंग्रजीत. कोरीटला इंग्रजी येणारा एकच मास्तर, तो शेतात गेलेला, त्याची वाट बघत मामा मुक्कामाला राहिला. मास्तराने वाचून सांगितलं, पोरगं चांगल्या चालीचं आहे. पुढच्या गावात व्याह्याच्या मुलाने सांगितलं, फी बाकी नाही. मामाला दोन्ही पटेना. एवढा शिक्का मारलेला कागद, त्यात एवढंच कसं असेल? म्हणून तो नदी ओलांडून आणखी एकाकडे गेला. त्या भल्या माणसाने काय वाचलं देव जाणे, पण तो म्हणाला, तुमचा भाचा डॉक्टर झाला. मामाने तिथेच पेढे घेतले.

असल्या माणसाला काय म्हणायचं? कपाळ बडवायचं की त्याच्या पाया पडायचं? तेव्हा मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. मी रागाने धुमसत तिथेच खाली बसलो.

पुढच्या वर्षी मी बी. एस्सी.ला गेलो. नंतर शाळेत विज्ञान शिकवलं, तीस वर्षं. पण ते पुढचं. त्या दिवशी मामा माझ्याशेजारी येऊन टेकला. वडिलांच्या पिशवीतून त्याने तो कागद काढून आणला होता. घडीवर हळदीचं बोट लागलेलं होतं, कोणीतरी पूजलाही असावा.

"आते तूच वाची दखाड," तो म्हणाला. "तू खरं सांगशी."

मी वाचलं. अमुक साली दाखल, अमुक साली सोडलं. वर्तन चांगलं. येणं बाकी नाही. दुसऱ्या कॉलेजात जायला आमची हरकत नाही. खाली सही. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने कागदावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

"आनि डाक्टर?" त्याने विचारलं. "ते कथं लिखेल शे?"

"नाही लिहिलेलं, मामा," मी म्हटलं.