दादाचे हात

त्या गल्लीत तिला सगळे इस्त्रीवाली ताईच म्हणत. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे ती आणि तिचा थोरला भाऊ. दादा जन्मापासून बोलला नाही. भरवलं तर जेवायचा, बसवलं तर बसायचा. आपणहून तो एकच गोष्ट करायचा: समोरच्या माणसाच्या हातांची नक्कल. फक्त हातांची, चेहरा दगडाचा.

ताईने शर्टावर पाणी शिंपडलं की कोपऱ्यातल्या खुर्चीवर दादा हवेत पाणी शिंपडायचा. आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, शेवटी पाठ. ती पुढे, तो एका श्वासाने मागे.

"काय गं, हाताखाली माणूस ठेवलायस, पगार देतेस का?" शेजारची शिंपीण विचारायची.

"बिनपगारी आहे म्हणून तर टिकलाय, काकू. आणि आजवर एक शर्ट जाळला नाही त्याने."

हसण्यावारी वेळ निभावायची, पण ताईला आतून वीट आला होता. केस सावरले तरी समोर केस सावरणारा हात. आई गेली तेव्हा ती तोंड दाबून रडली, तर त्यानेही तोंड दाबलं. डोळे मात्र कोरडे ठाक. तिला त्याची चीड आली. आणि आता आपल्यासोबत रडायला दुसरं कोणी उरलं नाही, हेही त्याच क्षणी कळलं.

अखेर तिने मन घट्ट केलं. अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था गावाबाहेर होती. दादाला शिंपिणीकडे बसवून ती एकटीच बघायला गेली. जागा स्वच्छ, माणसं मायेची. तिथल्या बाईंनी एक रिकामी खाट दाखवली. "शुक्रवारी आमची गाडी येईल न्यायला," म्हणाल्या आणि खिडकी लावायला वळल्या. ताई खाटेवर टेकली, उशी दोनदा थोपटली, आणि एकाएकी तिला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. लाजून तिने डोळ्यांवर तळवा धरला आणि तळव्याखाली हसत राहिली. कोणी पाहिलं नाही.

परतली तर शिंपीण दारातच उभी.

"अगं, मी इथे मशीनवर, आणि याचं दुपारपासून भलतंच चाललंय. चावी दिल्यासारखं. बघ तरी."

दादा स्टुलावर बसला होता. त्याने हवेत काहीतरी दोनदा थोपटलं. डोळ्यांवर तळवा धरला. तळव्याखाली त्याचे ओठ रुंदावले.

दादा आयुष्यात कधी हसला नव्हता.

ताईने स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. समोर दिसेल तेवढंच तो उतरवतो, अशी तिची पक्की समजूत होती. त्या समजुतीवर विसंबून तर ती एकटी गेली होती.

तरीही तिने त्याचे कपडे पिशवीत भरले. शुक्रवारी सकाळी मात्र ती काहीच न करता टेबलाला टेकून उभी राहिली, हात पाठीमागे घट्ट बांधून. आज उतरवायला तिने काही द्यायचंच नाही, असं ठरवलं होतं.

दादाचे हात मांडीवर होते. मग उजवा हात उठला. त्याने हवेत एक कडी धरली, जराशी वर ढकलली आणि सरकवली.

बाहेर हॉर्न वाजला.

"ताई, भाऊ तयार आहेत ना?" ड्रायव्हरने हाक दिली.

पिशवी द्यायलाच ती दाराशी गेली. तिच्या तोंडून निघालं, "नाही हो. नाही पाठवत. बाईंना सांगा, माफ करा."

"अहो, इतक्या लांब येऊन..."

तिने दार लावलं. कडी घट्ट बसायची, म्हणून जराशी वर ढकलली आणि सरकवली. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की आज पुढे कोण होतं आणि मागे कोण.

गाडी गेल्याचा आवाज आला. सुटल्यासारखंही वाटलं आणि अडकल्यासारखंही. तिने कपाळाचा घाम पुसला. दादाचा हात उठला नाही. तिने मुद्दाम टाळी वाजवली. नाही. तो शांत बसून तिच्याकडे बघत होता.

टेबलावर शर्टांचा ढीग पडला होता. ताईने वरचा शर्ट पसरला, इस्त्री हातात घेतली आणि थबकली. आधी कॉलर की आधी कफ, काही केल्या आठवेना. मान वर करून ती दादाच्या हातांकडे बघत राहिली.