सुलाबाईंना पेलेल तो

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी विश्रामबागेतल्या संघटनेच्या खोलीत किमान वेतनाच्या पत्रकांचे गठ्ठे बांधत होतो. मालकांविरुद्ध मी कॉलेजपासून तावातावानं लिहीत आलो आणि माझी आत्या स्वतः मालकीण... सांगलीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाटावर बसून ती फरसाण तळायची, हाताखाली तीन बायका.

एका दिवाळीच्या तोंडावर कढईतल्या तेलानं पेट घेतला. आत्यानं गॅस बंद करून कढईवर झाकण टाकलं, म्हणून निभावलं. तिचे यजमान, फौजेतून निवृत्त झालेले आमचे मामा, दुसऱ्याच दिवशी पाण्याचा भलामोठा अग्निशामक घेऊन आले.

"ह्यातलं पाणी तापल्या तेलावर मारू व्हय? आख्खं शेड पेटंल की!" आत्या म्हणाली. मामांनी तो बदलून तळणीच्या तेलासाठी असतो तो आणला, पण आकारानं तेवढाच. आत्यानं तो उचलून बघायला सांगितलं ते मामांना नव्हे, तिघींतल्या सगळ्यांत थकलेल्या सुलाबाईंना. त्यांच्याच्यानं तो हुकावरून निघेना.

"आवं, तुमी गावाला गेल्यावर आग लागली तर? जरा थांब म्हणू तिला?" आत्यानं मामांना विचारलं.

"आता सुलाबाईसाठी दुकान बदलू का काय?"

"दुकान न्हाई, सिलिंडर बदला."

मामा रिक्षा बघायला गेले. त्याच प्रकारचा लहान सिलिंडर आला आणि शेगडीपासून लांब, दाराजवळ, सुलाबाईंचा हात पोचेल अशा उंचीवर लागला. कामगारांच्या सुरक्षेवर मी इतकी पत्रकं लिहिली. सगळ्यांत अशक्त हाताला पेलेल ते साधन द्या, ही मागणी त्यांतल्या एकातही नव्हती.

मामा खंडेनवमीला त्या सिलिंडरचीही पूजा करायचे. झेंडूची माळ मुठीला करकचून बांधायचे. आत्या दरवर्षी हसत कात्रीनं दोरा कापायची. "पूजा करा, पर पिन मोकळी ठेवा. आग विझवायला देवाला बोलवायचं हाय का?"

यंदा खंडेनवमीला ती नव्हती. मामांनी माळ वर दाराच्या चौकटीच्या खिळ्याला अडकवली, मुठीला लागू न देता. सुलाबाईंनी पदराला हात पुसले, सिलिंडर काढून उचलून पाहिला आणि पुन्हा टांगला.

"पेलतंय अजून, वैनी," आत्याच्या रिकाम्या पाटाकडं बघत त्या म्हणाल्या.