आत्मपरीक्षणाच्या वेळची पेटी

हे मी घरातसुद्धा कधी बोललेलो नाही. बायको वारली, तिलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — किंवा ओळखत असालही. जालन्यात कोण कोणाला ओळखत नाही?

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी आत्मपरीक्षणाची वेळ. सगळे माना खाली घालतात, पेटी हळू वाजत राहते आणि त्या सुरावर पाळकसाहेब एक मनन वाचतात. आवाज असा, की आत्ताच सिनाय डोंगरावरून उतरलेत आणि देवाच्या आज्ञांच्या पाट्या अजून काखेत आहेत. ती मननं मी लिहितो. हे फक्त त्यांना आणि मला ठाऊक. मी मराठीचा निवृत्त मास्तर. देवावरचा विश्वास कधीच उडाला, विरामचिन्हांवरचा राहिला. पाळकसाहेब कागद आधी वाचून बघत नाहीत. ‘सर, तुमच्या लेखणीतून आत्मा बोलतो,’ म्हणतात. बोलत असेल. शुद्धलेखन मात्र मला तपासावं लागतं.

विश्वास नाही, तर जातो कशाला? — लोकांचे मिटलेले डोळे बघायला. माझ्या वाक्यावर कोणी उसासा टाकला, की मला आतून हसू यायचं. त्या हसण्याची चटक लागली होती.

पेटीवर मार्थाबाई बसायची. माहेर धावड्याचं. वडील गावोगाव ख्रिस्ती भजनं म्हणत फिरायचे, त्यांच्याकडून शिकलेली. नवरा तरणाच गेला, मग आयुष्य ब्लाउज शिवण्यात गेलं. आठवडाभर तिला कोणी विचारत नसे. रविवारी मात्र ती पेटीवर हात ठेवेपर्यंत पाळकसाहेबही थांबत. डोळे मिटून वाजवायची. साध्या गीताला मुरक्या लावायची, कडवं संपलं तरी तिची पेटी संपत नसे. मला ते सगळं गावठी वाटायचं — निदान मी तसं म्हणायचो.

खरं कारण वेगळं आहे. सांगतोच.

माझ्या आईच्या दफनविधीला तिनं पेटी वाजवली. आईच्या आवडीचं गीत, त्याच त्या मुरक्या — आणि मी भर मंडळीत नाक गळेपर्यंत रडलो. ‘प्रभूनं स्पर्श केला सरांना,’ मागून कोणीतरी पुटपुटलं. प्रभूनं? एका शिवणवाल्या बाईनं! ज्यांच्यावर मी इतकी वर्षं हसत आलो, त्यांच्यातच तिनं मला नेऊन बसवलं. हे मी तिला माफ केलं नाही.

पुढच्या मननात लिहिलं — ‘प्रभूच्या मेजाजवळची बोटंही स्वतःची स्तुती मागतात. गाणं ज्याचं त्याला परत देऊन जी बोटं शांत होतात, ती धन्य.’ नाव नाही, पुरावा नाही. पाळकसाहेबांनी ते नेहमीच्या थाटात वाचलं, तिच्याच सुरावर. मधेच सूर तुटला. भात्यातली हवा निघून गेल्याचा आवाज मी ऐकला. त्या दिवशी ती भाकर घ्यायला उठली नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात. मला वाटलं, कळलं हिला. छे! शिकलेला माणूस म्हणून सल्ला विचारायला आली होती.

“सर, कालचं मनन माझ्यावरच होतं का हो?”

“असं का वाटतं तुम्हाला?”

“पाळकसाहेबाला पेटीतलं काईच कळत न्हाई. त्यांच्या मनात कुठून येईल? मंग देवानंच सांगितलं ना मला. वाजवताना मला लई बरं वाटायचं, सर. तेच चुकलं का?”

‘मी लिहिलं’ — एवढं म्हणायला किती दम लागतो? मी म्हणालो, “मार्थाबाई, देवाचं बोलणं ज्याचं त्याला बरोबर कळतं.” माझा आवाज पाळकसाहेबांपेक्षा गोड लागला होता.

“बरं झालं तुमाला विचारायला आल्ते,” ती म्हणाली. “तुमी उगं तोंडदेखलं बोलणार न्हाई.”

त्यानंतर तिनं पेटीला हात लावला नाही. घरची पेटीसुद्धा भोकरदनच्या भाचीला देऊन टाकली. आता आत्मपरीक्षणाच्या वेळी कोणाच्या तरी मोबाइलमधले सूर स्पीकरवर लावतात. मधेच चार्जिंग संपतं, आणि मंडळी तेही शांततेचं दान समजून माना खाली घालून बसते. मार्थाबाई मागच्या बाकावर असते. मनन संपलं की सगळ्यात आधी तिचं ‘आमेन’ येतं.

गेल्या महिन्यात बाहेर पडताना मला म्हणाली, “आजचं मनन लई लागलं, सर.”

मी म्हणालो, “हो. चांगलं होतं.”