ट्रेनिंगला पाठवायचा माणूस

प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक खात्यात, एक असा माणूस लागतो की जो दिवसभर नसला तरी काम अडत नाही. आमच्या प्लेटिंग शॉपमध्ये ती जागा सावळीरामने भूषवली होती.

सातपूरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. मोटारसायकलच्या सुट्या भागांना निकेल आणि क्रोमचा मुलामा द्यायचा, एवढंच आमच्या शॉपचं काम. सावळीराम देवळ्याकडचा. बापाचा कांदा होता, पण कांद्याला वाकावं लागतं आणि सावळीरामची कंबर जन्मतःच सरकारी नोकरीच्या मापाची होती. सरकारने ते ओळखलं नाही, म्हणून मामाच्या वशिल्याने तो आमच्यात आला. काम वाईट करायचा असं नाही. पण काम करण्याआधी त्याला त्या कामावर बोलावं लागे, आणि बोलून होईपर्यंत जेवणाची सुट्टी होई.

नव्वदनंतर सगळ्या कारखान्यांना ट्रेनिंगचं वेड लागलं. ऑफिसातून निरोप यायचा, प्रत्येक खात्यातून एक माणूस पाठवा. आमचे सुपरवायझर रहेमानभाई मालेगावचे, कमी बोलणारे. ते लाइनवर एकदा नजर फिरवत. चांगला माणूस पाठवला तर उत्पादन बसणार. मग सुस्कारा सोडून म्हणत, "सावळीराम, तू जा बाबा. अन् घाई नको करू यायची."

असा सावळीराम आग विझवायला शिकला, प्रथमोपचार शिकला, मानसिक ताण घालवायला शिकला, जो त्याला कधी आलाच नव्हता. थंडगार हॉल, गादीची खुर्ची आणि पनीरचं जेवण, यासाठी तो मंगळावर गेला असता. शिवाय प्रश्न विचारायचा त्याला नाद होता. प्रथमोपचाराच्या वर्गात त्याने डॉक्टरांना विचारलं की बेशुद्ध पडलेला माणूस आणि आमच्या स्टोअरचा माणूस यांतला फरक कसा ओळखायचा. डॉक्टरांनी विचार करून सांगितलं, नाडी बघा. सावळीराम म्हणाला, "ती तर दोघांचीबी चालू असती."

एकदा जपानी पद्धतीचं ट्रेनिंग झालं. नको त्या वस्तू बाहेर काढा, हव्या त्या जागच्या जागी ठेवा. कारखान्यात कोणी त्याला हात लावू देईना, म्हणून त्याने ती विद्या घरी वापरली. बायको कलाबाई माहेराहून परतली तर स्वयंपाकघरातली निम्मी भांडी जिन्याखाली.

"हे कोणी शिकवलं?" तिने विचारलं.

"जपानी लोकांनी. वर्षभरात जी वस्तू वापरली नाय ती घरात ठेवायची नाय."

कलाबाईने भांडी परत आत नेली, आणि नवऱ्याची गादी तेवढी जिन्याखाली आणून टाकली. आठवडाभर सावळीराम शेजाऱ्यांच्या सायकलींबरोबर झोपला. जपान्यांवरचा त्याचा विश्वास तेव्हापासून थोडा कमी झाला.

अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला एका परदेशी गिऱ्हाइकाने मालकांना कळवलं की पर्यावरणाचं सर्टिफिकेट नसेल तर माल घेणार नाही. मालकांचं पर्यावरणावर एकाएकी प्रेम बसलं. भिंती हिरव्या रंगवल्या, गेटजवळ अशोकाची झाडं लावली, आणि शुभांगी नावाची एक इंजिनीअर नेमली. वय चोवीस-पंचवीस, कायनेटिक स्कूटरवरून यायची, डोक्याला स्कार्फ. साहेबलोकांना वाटलं, झाडांसारखीच हीसुद्धा गेटजवळ शोभेल.

कंपनीचं पर्यावरण धोरण म्हणून एक भलामोठा परिच्छेद तयार झाला. तपासनीस येऊन कोणत्याही कामगाराला विचारील, तेव्हा सगळ्यांनी पाठ करा, असा हुकूम निघाला. पाठ करून घ्यायचं काम सर्वांत शिकलेल्या माणसाकडे, म्हणजे सावळीरामकडे आलं. त्याने तो परिच्छेद आरतीच्या चालीवर बसवला. दोन दिवसांत सगळं शॉप टाळ्या वाजवत 'प्रदूषणास प्रतिबंध' म्हणू लागलं. शेवटच्या ओळीला एक जण स्पॅनरने घंटा वाजवायचा.

शुभांगी मॅडम दारात उभी राहून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "छान बसवलंय. सावळीरामभाऊ, या प्रतिबंधाचा अर्थ काय?"

"थांबवणं, मॅडम."

"आपण काय थांबवतो?"

सावळीरामने आमच्याकडे बघितलं. आम्ही टाक्यांकडे बघितलं.

"क्रोम धुतलेलं पिवळं पाणी कुठे जातं?"

"नाल्यात."

"आणि नाला?"

"नासर्डी नदीत."

"वहिनी भाजी कुठून घेतात?"

"नासर्डीकाठचे मळेवाले येतात ना दारावर. लय ताजी मेथी असती." आणि मग तो थांबला. सावळीराम बोलता बोलता मध्येच थांबल्याचं आम्ही पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळाने म्हणाला, "मॅडम, तुम्ही हे जेवणानंतर विचारायला पाहिजे होतं."

घरी जाऊन त्याने कलाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमी तिथं घाण सोडायची अन् मी पैसे देऊन ती घरी आणायची. मग मेथी बदलू का नवरा?"

पाणी शुद्ध करायचा प्लँट कारखान्याच्या मागे होता. होता म्हणजे तीन टाक्या होत्या आणि एकीत कुत्री व्यायली होती. मॅडमने तो चालू करायचं ठरवलं. चालवायला माणूस हवा होता. रहेमानभाईंनी लाइनवर नजर फिरवली आणि सवयीने म्हणाले, "सावळीराम घ्या."

दोन आठवड्यांचा कोर्स होता. सावळीराम नवा शर्ट घालून गेला. पण इथे जेवण घरून आणायचं होतं, खुर्च्या लोखंडी होत्या आणि शेवटी परीक्षा होती. लेखी त्याने पुढच्याच्या कृपेने काढली. प्रात्यक्षिकात त्याच्यासमोर पिवळ्या पाण्याचं भांडं ठेवलं आणि साफ करायला सांगितलं. सावळीरामने त्यात मूठभर चुना टाकला आणि भाषण सुरू केलं. भाषण संपलं तरी पाणी पिवळंच. परीक्षकांनी त्याला नापास केलं.

आजवर कोणत्याही ट्रेनिंगमध्ये कोणीही नापास झालेला त्याने ऐकला नव्हता. बसलं की पास, असा रिवाज होता. तो परत आला तो तोंड पाडून. आम्ही अर्थातच सोडलं नाही. "पाण्याने पाडलं," म्हणून दिवसभर चिडवलं. तो जेवणाच्या सुट्टीत मॅडमच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिला.

"मॅडम, चुना तर टाकला होता."

"आधी काय टाकायचं होतं?"

"ते पावडरीचं नाव जिभेवर बसत नाय."

"नाव राहू द्या. या."

मागच्या शेडमध्ये मॅडमने काचेच्या भांड्यात पिवळं पाणी घेतलं. आधी आम्ल, मग ती पावडर, बायसल्फाइटची. नाकात झिणझिण्या आणणारा वास आला आणि बघता बघता पिवळं पाणी हिरवं झालं. "आता चुना," मॅडम म्हणाली. सावळीरामने चिमटीने टाकला. पाणी गढूळलं, मग विरजण लागल्यासारखे कण जमले आणि सावकाश तळाशी बसू लागले. वर नितळ पाणी राहिलं. सावळीराम गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड भांड्याजवळ नेऊन बघत राहिला. त्याचा डबा तसाच राहिला.

"चुना आधी टाकला तर का होत नाय?" त्याने विचारलं.

मॅडमने सांगितलं. समजलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. हे महिनाभर चाललं. ती शिकवायला बसली की पदवी विसरायची आणि चिडायची मात्र मनापासून. एकदा म्हणाली, "तुम्हाला प्रश्न विचारायला येतात, उत्तर ऐकायला का येत नाही?" सावळीराम म्हणाला, "त्याचं ट्रेनिंग अजून झालं नाय." पण दुसऱ्यांदा परीक्षेला बसला तेव्हा पाणी नितळ निघालं आणि भाषण त्याने पास झाल्यावर केलं.

त्यानंतर त्याने आमचा जीव नकोसा केला. मुलाम्याच्या टाकीतून माल वर उचलला की आम्ही लगेच धुवायच्या टाकीत बुचकळायचो. सावळीराम येऊन हात धरायचा. "निथळू दे. तो थेंब मागं टाकीत पडू दे. थेंब गेला की मला मागं निस्तरावा लागतो." रहेमानभाई ओरडायचे, "माझं प्रॉडक्शन कोण निस्तरणार?" दोघांची रोज जुंपायची. शेवटी मॅडमने माल टांगायला टाकीवर आडवी दांडी बसवून दिली. माल निथळेपर्यंत माणूस दुसरं काम करू लागला, आणि उत्पादन होतं तिथेच राहिलं. रहेमानभाईंनी ते कधी कबूल केलं नाही. फक्त ओरडायचे थांबले.

मग ती मार्चअखेर आली. माल जायची घाई, लाइन दोन्ही पाळ्या चालू, आणि मागच्या प्लँटमधली पावडर संपली. पिवळ्या पाण्याची टाकी काठोकाठ भरली. मॅडम कायनेटिकला किक मारून अंबडच्या व्यापाऱ्याकडे पावडर आणायला गेली. जाताना सावळीरामला म्हणाली, "तासाभरात येते. तोवर थेंब सोडू नका."

ती वळते न वळते तोच वर्क्स मॅनेजर मागे आले. "टाकी भरली तर बायपास उघड, जाऊ दे नाल्यात. लाइन थांबता कामा नये."

"साहेब, मॅडम येतात एवढ्यात."

"मॅडम पगार देते का तुला?"

सावळीराम व्हॉल्व्हपाशी गेला. मी तेव्हा तिथे ड्रम हलवत होतो, म्हणून सांगतो, त्याचा हात व्हॉल्व्हवर गेला होता. पुढे काय करायचं हे त्याला नक्की माहीत नव्हतं. तो शूर वगैरे अजिबात नव्हता, साहेबाला समोरासमोर नाही म्हणणं त्याच्या बापजन्मी जमलं नसतं. व्हॉल्व्ह सोडून तो तुरुतुरु भिंतीकडे गेला आणि आगीच्या भोंग्याची काच फोडली.

सगळा कारखाना गेटकडे धावला. भोंग्याबरोबर वीज तोडायची, म्हणून लाइनही बंद. नियम असा होता की सगळी माणसं मोजून होईपर्यंत कोणी आत जायचं नाही, मग तो मॅनेजर का असेना. आणि मोजणारा अधिकृत माणूस होता सावळीराम, कारण ते ट्रेनिंग त्याच्याशिवाय कोणाचं झालंच नव्हतं. त्याने मोजायला सुरुवात केली. एक माणूस कमी भरला. पुन्हा मोजली. पुन्हा एक कमी.

"स्वतःला मोज," रहेमानभाई दातओठ खात म्हणाले.

"हां. तेच म्हणतोय." त्याने स्वतःला धरून, आणि या वेळी वॉचमनसकट, पुन्हा मोजली. आता एक जास्त झाला. वॉचमनला धरायचं की नाही यावर चर्चा झाली. मॅनेजर घामाघूम होऊन अशोकाच्या सावलीत उभे राहिले, पण ती झाडं अजून कमरेएवढीच होती. आकडा जुळला तेव्हा मॅडमची कायनेटिक गेटात शिरत होती आणि तिच्यामागे पावडरीची पोती घेतलेली रिक्षा.

मध्येच वीज बंद झाल्याने टाकीतल्या मालाचं निकेल सोलून निघालं. रहेमानभाई तो माल हातात घेऊन सावळीरामसमोर उभे राहिले. "हे बघ. कांद्यासारखं सोलतंय."

"माहीत हाय," सावळीराम म्हणाला. "पण तुमचं सोललेलं परत चढवता येतं, रहेमानभाई." एवढं बोलून तो पोती उतरवायला गेला. 

चौकशी बसली. धूर कुठे दिसला, असा प्रश्न. सावळीराम म्हणाला, "दिसल्यासारखा वाटला." मग मॅडमला बोलावलं. ती म्हणाली, "धूर नव्हता. लिहून घ्या. आणि पिवळं पाणी नाल्यात सोडायला कोणी सांगितलं होतं, तेही त्याच्याच खाली लिहा." खाली काही लिहिण्यापेक्षा वरचं खोडणं सर्वांना सोयीचं वाटलं. सावळीरामला तंबी मिळाली, मॅनेजर त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत, आणि सावळीरामच्या मते ते वर्ष फार शांततेत गेलं.

दोन हजार तीनमध्ये मालकांनी मुलाम्याचं काम बाहेर द्यायचं ठरवलं आणि शॉप बंद केलं. आम्ही पांगलो. मॅडम लग्न होऊन पुण्याला गेली. रहेमानभाईंनी अंबडच्या एका गल्लीत स्वतःचं छोटं युनिट टाकलं. सावळीराम चार-सहा महिने घरी बसला, म्हणजे कलाबाईने सहन केलं तोवर. मग एके दिवशी रहेमानभाई त्याच्या दारात आले.

"माणूस पाहिजे," ते म्हणाले.

"माझं निथळणं तुम्हाला चालंल का?"

"नाही चालणार. पण निकेल लय महाग झालंय, अन् बाकीचे सगळे थेंब सांडतात."

दोघं तिथेही रोज भांडू लागले. पण धुवायच्या तीन टाक्या एकामागे एक लावल्या, तेच पाणी मागून पुढे फिरवलं, आणि टँकर आठवड्यातून एकदाच लागू लागला. आसपासच्या युनिटवाल्यांनी हे पाहिलं. पर्यावरणाची काळजी कोणाला वाटली हे सांगता येत नाही, टँकरची मात्र सगळ्यांनाच वाटली. मग आयटीआयवाले मुलामुलींना तिथे बघायला पाठवू लागले. सावळीराम त्यांच्यासमोर काचेच्या भांड्यात पिवळ्याचं हिरवं करून दाखवी. साधना नावाची एक मुलगी तर दर शनिवारी आपणहून यायची. ती त्याला मध्येच तोडून पुढची पायरी सांगे, आणि त्याला ते मुळीच आवडत नसे. पुढे ती एका मोठ्या कंपनीत त्याच कामाला लागली, तेव्हा गल्लीभर पेढे मात्र यानेच वाटले.

नासर्डी काही स्वच्छ झाली नाही. एका गल्लीने नदी स्वच्छ होत नसते, हे सावळीरामलाही कळत होतं. तो त्यावर फार बोलायचा नाही, म्हणजे त्याच्या मानाने फार नाही.

मी एकदा सहज भेटायला गेलो, तेव्हा प्रदूषण मंडळाच्या नमुन्याचा निकाल नुकताच आला होता. रहेमानभाई चष्मा कपाळावर सरकवून कागद लांब धरून वाचत होते. सावळीराम शेजारी उभा राहून, आपल्याला काही देणंघेणं नसल्यासारखा छताकडे बघत होता.

"पास आहे," रहेमानभाई म्हणाले.

"मी सांगितलंच होतं. मुळात काय हाय ना, पहिल्या टाकीतच आपण..."

"सावळीराम," रहेमानभाईंनी कागदाची घडी घातली, "पंप चालू कर बाबा. माल थांबलाय."